अमेरिकेत निर्णय कोणाचा?

देहू सोडल्यावर तुकोबांची पालखी आकुर्डीस मुक्काम करते. एके काळी ह्या गावाची ओळख बहुतांशी तेवढीच होती. पुढे स्कूटरच्या कारखान्याने आकुर्डीचे नाव देशभर नेले. आणि आज गावात व शेजारच्या निगडी-प्राधिकरणात अभियांत्रिकीची महाविद्यालये उभी आहेत. त्यांतून बाहेर पडणारी कित्येक मुले उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस जातात आणि तेथेच नोकरीस राहतात. त्यामुळे वॉशिंग्टनची बातमी ही येथील अनेक घरांत परक्या देशाची बातमी राहिलेली नाही. "अमेरिकेने व्हिसाचे नियम बदलले" किंवा "अमेरिकेने आयातकर वाढविला" असा मथळा वर्तमानपत्रात आला की वडील मंडळी चष्मा पुसून तो दोनदा वाचतात. मुलाची नोकरी राहील काय, नातवंडांना घेऊन तो यंदा दिवाळीला येऊ शकेल काय, चाकणच्या कारखान्यात बनणारा सुटा भाग तेथे विकला जाईल काय, असे प्रश्न लगोलग उभे राहतात.

परंतु ह्या मथळ्यांत एक गोष्ट झाकली जाते. "अमेरिकेने ठरविले" म्हणजे नेमके कोणी ठरविले? अध्यक्षांनी? काँग्रेसने? काँग्रेसच्या दोन गृहांपैकी एकाने? न्यायालयाने? की पन्नास राज्यांपैकी एखाद्या राज्याने? आपल्याकडे लोकसभेत ज्याचे बहुमत त्याचेच मंत्रिमंडळ. त्यामुळे "सरकारने ठरविले" एवढे म्हटले की बहुधा पुरते. अमेरिकेत ते पुरत नाही, कारण सत्ता एका हाती राहू नये अशी योजना तेथील घटनाकारांनी बुद्ध्याच केली. ही योजना नीट ध्यानात आली, तर कोणत्या बातमीने घाबरावे, कोणत्या बातमीने हुरळून जाऊ नये आणि कोणती बातमी अजून पिकावयाची आहे, हे घरबसल्या पुष्कळसे कळू शकते.

ह्या योजनेचे मूळ दोन भयांत आहे. १७७६ साली तेरा इंग्रज वसाहतींनी स्वातंत्र्य जाहीर केले, तेव्हा त्यांच्यापुढे राजाच्या जुलमाचे भय होते. म्हणून त्यांनी प्रथम जे मध्यवर्ती सरकार निर्माण केले ते इतके दुबळे ठेवले की त्याला कर बसविण्याचाही अधिकार नव्हता. थोड्याच वर्षांत सैनिकांचे पगार थकले, कर्जे फिटेनात, आणि राज्या-राज्यांत तंटे वाढले. तेव्हा दुसरे भय उत्पन्न झाले, ते बेबंदशाहीचे. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया येथे जमलेल्या प्रतिनिधींनी दोन्ही भयांवर एकच उपाय शोधला: मध्यवर्ती सरकार बळकट करावयाचे, परंतु त्याचे बळ निरनिराळ्या हातांत वाटावयाचे, आणि प्रत्येक हाताला दुसऱ्याचा हात धरण्याची मुभा द्यावयाची. सप्टेंबरात सह्या झालेली ती घटना अवघ्या सात कलमांची आहे. पहिले कलम कायदे करणाऱ्या काँग्रेसचे, दुसरे अध्यक्षांचे व तिसरे न्यायालयांचे. जुनी मराठी पुस्तके ह्या देशास 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने' म्हणत. ते नाव अजूनही अर्थपूर्ण आहे, कारण तेथील प्रत्येक राज्य हे आपापले राज्य आधी आहे आणि संघाचा घटक मागाहून.

काँग्रेस ह्या नावाने आपल्याकडील वाचकाची थोडी फसगत होते. तेथे काँग्रेस हा पक्ष नव्हे. ती त्या देशाची संसद होय. तिची दोन गृहे आहेत. प्रतिनिधिगृहात ४३५ सभासद असून त्यांची निवड लोकसंख्येच्या प्रमाणात, दर दोन वर्षांनी होते. सीनेटमध्ये १०० सभासद असून प्रत्येक राज्याला, ते लहान असो वा मोठे, दोनच जागा मिळतात. मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी सुमारे एकतृतीयांश जागांची निवडणूक होते. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख भरली आणि वायोमिंगची सुमारे ५ लाख ७७ हजार. तरीही सीनेटमध्ये दोघांचे वजन सारखेच. आपल्या राज्यसभेत महाराष्ट्राच्या १९ जागा आहेत व गोव्याची एक. अमेरिकेचा नियम येथे असता तर दोघांनाही दोनदोनच मिळाल्या असत्या. लहान राज्ये संघात येण्यास तयार व्हावीत म्हणून १७८७ साली केलेली ही तडजोड आजवर कायम आहे.

ह्या काँग्रेसमध्ये एक मराठी माणूसही जाऊन बसला. त्यांचे नाव श्री ठाणेदार. येथे 'श्री' ही आदराची पदवी नसून ते त्यांचे नावच आहे. १९५५ साली चिकोडीस जन्मलेले आणि बेळगावात वाढलेले ठाणेदार १९७९ साली शिक्षणासाठी अमेरिकेस गेले, तेथे रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवून व्यवसायात शिरले आणि १९८८ साली त्या देशाचे नागरिक झाले. 'ही श्रीची इच्छा' हे त्यांचे मराठी आत्मचरित्र अनेक घरांत वाचले गेले आहे. त्यांच्या राजकीय वाटचालीत अमेरिकेच्या निवडणूकपद्धतीचा धडाच सापडतो. २०१८ साली त्यांनी मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली. आपल्याकडे उमेदवारीचे तिकीट पक्षाचे श्रेष्ठी देतात. तेथे ते मतदार देतात. पक्षांतर्गत अशी एक प्राथमिक निवडणूक आधी होते आणि तीत जो जिंकेल तो पक्षाचा उमेदवार. ठाणेदार त्या प्राथमिक फेरीतच हरले. २०२० साली ते मिशिगनच्या राज्य विधिमंडळावर निवडून आले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या बाजूच्या तेराव्या मतदारसंघातून प्रतिनिधिगृहावर. २०२४ साली त्यांची पुन्हा निवड झाली. प्रतिनिधिगृहासाठी वय पंचवीस आणि नागरिकत्व सात वर्षांचे पुरते. सीनेटसाठी वय तीस आणि नागरिकत्व नऊ वर्षांचे लागते. परंतु अध्यक्षपदास जन्मतःच नागरिक असावे लागते. म्हणजे बेळगावचा मुलगा काँग्रेसमध्ये बसू शकतो, अध्यक्ष होऊ शकत नाही. त्याचे तेथे जन्मलेले अपत्य मात्र होऊ शकते.

प्राथमिक निवडणुकीच्या ह्या पद्धतीचा एक परिणाम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तिकीट श्रेष्ठींच्या हाती नसल्यामुळे सभासदावर पक्षाचा धाक आपल्याकडच्याइतका चालत नाही. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदीचा कायदा आहे, आणि पक्षादेश मोडणाऱ्याचे सभासदत्व जाऊ शकते. अमेरिकेत असा कायदा नाही. डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन हे दोनच पक्ष मोठे असले, तरी एखाद्या विधेयकास किती मते पडतील हे केवळ पक्षांच्या आकड्यांवरून सांगता येत नाही.

आता ह्या सर्व यंत्राची गती पाहण्यासाठी एक खरे उदाहरण घ्यावे. ते आकुर्डीतील अनेक घरांच्या जिव्हाळ्याचे आहे. अमेरिकेत नोकरीच्या आधारावर कायमचे वास्तव्य देणारी जी ग्रीन कार्डे मिळतात, त्यांची संख्या १९९० च्या कायद्याने वर्षाला सुमारे १,४०,००० ठरविली आहे, आणि त्यांतच नोकरदाराची पत्नी व मुलेही मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळू नये असे बंधन आहे. चिमुकल्या आइसलँडला जी कमाल मर्यादा, तीच भारताला. त्यामुळे भारतीय अर्जदारांची रांग वर्षानुवर्षे लांबत गेली. रांगेतील मनुष्य नोकरी करतो, कर भरतो, घर घेतो. परंतु आजारी आईस भेटावयास पुण्यास आला, तर परतताना व्हिसाचा शिक्का वेळेवर मिळेल की नाही, ही धास्ती त्याच्या मनातून जात नाही. लहानपणी बरोबर नेलेले मूल एकवीस वर्षांचे झाले की आईबापांच्या अर्जातून त्याचे नाव गळू शकते.

ही सात टक्क्यांची अट काढण्याचे विधेयक १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले. दोन्ही पक्षांच्या सभासदांनी त्यास मते दिली. त्या दिवशी येथील कित्येक घरांत आनंद झाला असेल; परंतु ते विधेयक अद्याप अर्ध्या वाटेवरच होते. सीनेटमध्ये ते सर्वसंमतीने, म्हणजे कोणीही हरकत न घेतल्यास, पुढे नेण्याचा यत्न झाला. अशा वेळी एकाच सभासदाने हरकत घेतली तरी काम अडते, आणि तसे ते अडले. एकाचे समाधान करावे तो दुसरा उठे. मसुद्यात फेरफार होत गेले. अखेर २ डिसेंबर २०२० रोजी सीनेटने ते सर्वसंमतीने संमत केले, पण बदललेल्या रूपात. अमेरिकेचा नियम असा की, दोन्ही गृहांनी शब्दशः एकच मसुदा संमत केल्यावाचून विधेयक अध्यक्षांच्या सहीस जातच नाही. दोन मसुद्यांचा मेळ बसला नाही, ३ जानेवारी २०२१ रोजी त्या काँग्रेसची मुदत संपली आणि तिच्याबरोबर विधेयकही संपले. दोन्ही गृहांनी होकार दिला, तरीही कायदा झाला नाही. ज्याने केवळ "अमेरिकेने मर्यादा उठविली" एवढेच ऐकले असेल, त्याची केवढी निराशा झाली असेल!

सीनेटमध्ये ह्याखेरीज आणखी एक अडसर आहे. तेथे चर्चा संपविण्यासाठी बहुतेक विधेयकांना ६० मते लागतात. नुसते बहुमत पुरत नाही. हा नियम घटनेत नाही, सीनेटने स्वतःच तो स्वतःसाठी केला आहे. परिणामी अल्पमतातील पक्षही मोठे विधेयक रोखून धरू शकतो.

येथवर कायद्यांचे झाले. आता अध्यक्षांकडे वळावे. अध्यक्षांची मुदत चार वर्षांची. १९५१ साली मान्य झालेल्या बाविसाव्या दुरुस्तीने दोनदांहून अधिक वेळा त्या पदावर निवडून येण्यास बंदी झाली. ते सेनापती आहेत, परराष्ट्रव्यवहार त्यांच्या हाती आहे, आणि काँग्रेसने संमत केलेले विधेयक ते परत पाठवू शकतात. मग दोन्ही गृहांनी दोनतृतीयांश मतांनी ते पुन्हा संमत केले तरच त्याचा कायदा होतो. परंतु त्यांचे मंत्री काँग्रेसचे सभासद असू शकत नाहीत. मंत्र्यांच्या व न्यायाधीशांच्या नेमणुकांस सीनेटची संमती लागते. तहांस तर तिची दोनतृतीयांश मते लागतात. मुख्य म्हणजे कर बसविणे, आयातकर धरून, व खर्चास पैसा देणे ही सत्ता घटनेने काँग्रेसला दिली आहे. अध्यक्ष जे हुकूम काढतात ते घटनेने किंवा काँग्रेसच्या एखाद्या कायद्याने दिलेल्या अधिकारांच्या आतच असावे लागतात. गेल्या शतकात काँग्रेसने कायदे करून आपली बरीच सत्ता अध्यक्षांस वापरावयास दिली, म्हणूनच आयातकराच्या व व्हिसाच्या बातम्या अध्यक्षांच्या नावाने येतात. हुकूम लवकर निघतो, आणि पुढचा अध्यक्ष तो तितक्याच लवकर रद्दही करू शकतो. कायद्याचे तसे नाही.

हुकूम अधिकाराच्या आत आहे की बाहेर, हे ठरविते न्यायालय. १९५२ साली कोरियाचे युद्ध चालू असता पोलाद कामगारांचा संप होऊ घातला, तेव्हा अध्यक्ष ट्रुमन यांनी पोलादाचे कारखाने सरकारच्या ताब्यात घेण्याचा हुकूम काढला. कारखानदार न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की, असा अधिकार अध्यक्षांस ना घटनेने दिला आहे ना काँग्रेसने. युद्ध चालू असतानाही ट्रुमन यांनी कारखाने परत केले. ह्या न्यायालयात १८६९ पासून नऊ न्यायाधीश आहेत. त्यांस अध्यक्ष नेमतात, सीनेट संमती देते, आणि निवृत्तीचे वय ठरलेले नसल्यामुळे ते तहहयात बसू शकतात. घटनाविरोधी कायदा रद्द ठरविण्याचा अधिकार ह्या न्यायालयाने १८०३ सालच्या एका निकालाने प्रस्थापित केला.

राज्यांची सत्ता हा ह्या रचनेचा आणखी एक पदर. टेक्सासात राज्याचा प्राप्तिकर नाही, न्यू जर्सीत आहे. मोटार चालविण्याचा परवाना राज्य देते. विवाहाचे, शाळांचे, बहुतेक गुन्ह्यांचे कायदे राज्याचे. निवडणुकाही राज्येच चालवितात. इतकेच काय, अध्यक्षाची निवडदेखील देशभरच्या मतांची एकच बेरीज करून होत नाही. प्रत्येक राज्यास त्याच्या दोन्ही गृहांतील सभासदांइतके निर्वाचक मिळतात. राजधानीच्या प्रदेशाचे तीन धरून एकूण ५३८, आणि बहुमतास २७० लागतात. दोन राज्ये वगळता सर्वत्र, राज्यात जो पुढे त्याला त्या राज्याचे सर्व निर्वाचक मिळतात. म्हणून २००० साली व २०१६ साली देशभरात अधिक मते मिळविलेला उमेदवार पराभूत झाला.

अशा वाटलेल्या सत्तेचा लाभ कोणता आणि तिची किंमत कोणती, ह्याचा विचार एका मराठी पुरुषाने फार स्पष्टपणे करून ठेवला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ पर्यंत तेथे शिकले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत भारताच्या घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेची व इंग्लंडची पद्धत शेजारी शेजारी ठेवली. लोकशाहीतील कार्यकारी मंडळ स्थिरही असावे आणि जबाबदारही असावे. परंतु दोन्ही गुण सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत आजवर कोणास साधली नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकेची पद्धत स्थैर्य अधिक देते, इंग्लंडची जबाबदारी अधिक. एकीत सरकारची परीक्षा ठराविक मुदतीने मतदार घेतात. दुसरीत ती संसदेत रोजच्या रोजही होते. मसुद्याने जबाबदारीस अधिक पसंती दिली आहे, असे त्यांनी सभागृहास सांगितले.

ह्या भेदाची दोन उदाहरणे पुढे काळाने दिली. १७ एप्रिल १९९९ रोजी लोकसभेत एका मताने वाजपेयी सरकार पडले आणि देशास निवडणुकीस सामोरे जावे लागले. जबाबदारी पूर्ण, स्थैर्य नाही. उलट १ ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकेत खर्चाच्या विधेयकावर काँग्रेसचे एकमत झाले नाही. तेथे अध्यक्ष पडले नाहीत, निवडणूक झाली नाही. परंतु सरकारी कचेऱ्यांचे काम १२ नोव्हेंबरपर्यंत, एकंदर ४३ दिवस, मोठ्या प्रमाणावर बंद राहिले. नोकरांचे पगार थांबले, आणि परदेशी नोकरदारांच्या अर्जांस लागणारे कामगार खात्याचे दाखलेही ऑक्टोबरात बहुतेक काळ मिळेनासे झाले. स्थैर्य पूर्ण, पण दोष कोणाच्या पदरी घालावा हे मतदारासही उमजेना. मुदतीपूर्वी अध्यक्षांस दूर करण्यास महाभियोगाचा मार्ग आहे. परंतु प्रतिनिधिगृहाने आरोप ठेवल्यावर सीनेटची दोनतृतीयांश मते लागतात. १८६८ साली जॉन्सन, १९९८-९९ मध्ये क्लिंटन, आणि २०१९-२० व २०२१ मध्ये ट्रम्प अशा चार प्रसंगी आरोप झाले; दोषी कोणीच ठरले नाही.

हे यंत्र सावकाश चालते, तथापि ते हलतच नाही असे समजू नये. मूळ घटनेने गुलामगिरी चालू दिली होती. प्रतिनिधिगृहाच्या जागा ठरविताना गुलामांची संख्या तीनपंचमांश धरावी असे तीत लिहिले होते. हा कलंक पुसण्यास चार वर्षांचे यादवी युद्ध आणि १८६५ ची तेरावी दुरुस्ती लागली. त्या घटनेचे मोल पुण्यात बसलेल्या जोतीराव फुल्यांनी जाणले, आणि १८७३ साली प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेच्या लोकांस अर्पण केला. घटनेत दुरुस्ती करावयाची तर दोन्ही गृहांची दोनतृतीयांश मते आणि तीनचतुर्थांश राज्यांची मान्यता लागते. सव्वादोनशेहून अधिक वर्षांत अशा २७ दुरुस्त्या झाल्या आहेत.

तेव्हा श्रोत्यांनी यापुढे "अमेरिकेने ठरविले" असे वाचले, तर आधी विचारावे: हा अध्यक्षांचा हुकूम आहे, एका गृहाने संमत केलेले विधेयक आहे, की अध्यक्षांची सही झालेला कायदा? हुकूम असेल, तर त्याविरुद्ध कोणी न्यायालयात गेले आहे काय? विधेयक असेल, तर ते दुसऱ्या गृहात कोठवर पोहोचले? आणि ही बाब राज्याची तर नाही ना? ह्या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत मुलाला घाबरून दूरध्वनी करण्याचे कारण नाही, आणि पेढे वाटण्याचेही नाही. २०१९ च्या जुलैत ज्यांनी ते वाटले असतील, त्यांच्या मुलांची रांग अद्याप संपलेली नाही.